आधी एक नाटक निवडा

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते आणि गेली काही वर्षं नाट्यसंगीत शिकते आहे. पदं गाता गाता त्या नाटकांविषयी वाचायची ओढ लागली. संगीत नाटकांवरच्या पुस्तकांचा स्वतःचा संग्रह करायचा आहे. महिन्याला हजारेक रुपये बाजूला काढता येतील. जागा म्हणाल तर कपाटाचे दोन कप्पे. सुरुवात इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांनी करू, चरित्रांनी करू की नाटकांनी? बालगंधर्वांवर तर इतकी पुस्तकं दिसतात की कुठलं घ्यावं तेच कळत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इतिहास नंतर, चरित्रंही नंतर. आधी एक नाटक निवडा. ज्याची पदं तुमच्या गळ्यावर चढली आहेत असंच एखादं घ्या आणि पहिलं वर्षभर फक्त त्याच्याभोवतीची पुस्तकं जमवा. मोठ्या ग्रंथांपासून सुरुवात केलेले संग्रह दोन-तीन वर्षांत धूळ खात पडलेले मी पाहिले आहेत. एका नाटकाचा धागा धरला की पुढचं पुस्तक कोणतं, हे आधीचं पुस्तकच सांगतं.

‘मानापमान’ घेऊ या. खाडिलकरांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळीनं १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणलं. संहिता ही पहिली खरेदी. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणून दुसरी खरेदी टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’. हे पुस्तक १९३९ सालचं. चाली बांधणारा माणूस गाणं कसं ऐकत होता, कुणाकुणाच्या गाण्यानं वेडावला होता, हे त्यात त्याच्याच शब्दांत मिळतं. ते आवडलं की त्यांचा ‘माझा जीवनविहार’ तुम्ही आपणहून शोधाल. लक्ष्मीधराच्या भूमिकेनं गणपतराव बोडस घराघरांत पोचले, त्यांचं आत्मचरित्र ‘माझी भूमिका’. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ज्या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, त्यांतले दोघे हेच, टेंबे आणि बोडस. तिसरे बालगंधर्व. एकाच कंपनीची हकिगत दोन भागीदारांच्या तोंडून ऐकायला मिळते. दोघांच्या नजरा वेगळ्या, स्वभाव वेगळे, आणि म्हणून ही दोन पुस्तकं कपाटात एकमेकांशेजारीच ठेवायची.

चौथं पुस्तक चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’. त्याला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार नसता तरी मी ते घ्यायलाच सांगितलं असतं. मास्टर दीनानाथांबरोबर बळवंत संगीत मंडळी उभी करणारा हा नट. बिऱ्हाड, रेल्वे, कर्ज, तालीम, रुसवेफुगवे, सगळं आतून पाहिलेलं आणि भाषा अशी खणखणीत की मोठ्यानं वाचावंसं वाटतं. हे एक पुस्तक मिळेल त्या किमतीला घ्या.

ही चार पुस्तकं वाचून झाली की ८ जुलै १९२१चा संयुक्त ‘मानापमान’ तुम्हाला वेगळाच दिसायला लागेल. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. या एका प्रयोगाच्या ओढीनं तुम्ही केशवरावांकडे वळाल, तिथून ललितकलादर्शकडे, पुढे ती कंपनी चालवणाऱ्या पेंढारकरांकडे. संग्रह वाढायचा तो असा.

आता संहितेविषयी सविस्तर लिहिते, कारण तिथेच बहुतेक जण घाई करतात. नाटक म्हणजे नाटक, कुठलीही प्रत चालेल, असं संगीत नाटकाच्या बाबतीत म्हणता येत नाही. जुन्या आवृत्त्यांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते. कुठल्या बंदिशीवरून, लावणीवरून किंवा आधीच्या कुठल्या पदावरून चाल घेतली, ते त्या एका ओळीत असतं. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही जुन्या छंदांची नावंही तिथेच भेटतात. अलीकडच्या काही स्वस्त आवृत्त्यांनी जागा वाचवायला या ओळी उडवल्या आहेत. गाणं शिकणाऱ्या माणसाला अशी प्रत निम्म्याहून कमी कामाची. तेव्हा दुकानात उभ्या उभ्या आधी कोणतंही पद उघडा, डोक्यावर काय छापलंय ते पाहा. मग लेखकाची प्रस्तावना आहे का, पात्रांची यादी आहे का, शेवटी जाहिरातींची पानं शिल्लक आहेत का, हे बघा. त्या जाहिरातींतून प्रकाशकाकडे तेव्हा कुठली नाटकं विकायला होती आणि काय किमतीला, ते कळतं.

एकाच नाटकाच्या दोन-तीन आवृत्त्या घ्यायला कचरू नका. ‘सौभद्र’ १८८२ साली आलं, तेव्हा पहिले तीनच अंक झाले होते, बाकीचे पुढच्या वर्षी आले. मूळ नाटकात शंभराहून जास्त पदं. आज आपण जो ‘सौभद्र’ बघतो त्यात त्यातली किती उरतात ते मोजून पाहा. काय गळलं, कुठल्या पात्राचं गळलं, हे ताडून पाहण्यात जी गोडी आहे ती कुठल्याही समीक्षाग्रंथात मला मिळाली नाही.

माझ्याकडची सगळ्यांत लाडकी प्रत ‘सौभद्र’चीच आहे. सांगलीला रद्दीच्या दुकानात मिळाली. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे साल कळायला वाव नाही. कुठलाही व्यापारी तिला हात लावणार नाही. पण ती कुणा नटाची तालमीची प्रत आहे. समासात शिसपेन्सिलीनं ‘काळी दोन’, ‘सावकाश’, ‘पेटीकडे बघणे’ असं बारीक अक्षरात लिहिलंय. ‘काळी दोन’ म्हणजे पेटीवरचा सूर. तो लिहिलाय फक्त कृष्णाच्या पदांवर, म्हणजे हा गृहस्थ कृष्ण करत असणार. ‘नच सुंदरि करूं कोपा’च्या बाजूला ‘व. मो.’ आणि त्याखाली दोन उभ्या रेघा. वन्स मोअर आला तर किती वेळा घ्यायचा, त्याची ती खूण असावी. पुढे एका जागी सलग पदांवर तिरकी रेघ मारून लिहिलंय, ‘उशीर झाल्यास गाळणे’. ‘प्रिये पहा’चं पान बोटं लागून लागून कापडासारखं मऊ झालंय. कुठल्या मंडळींनी, कुठल्या गावात, कधी केलेला प्रयोग, काही ठाऊक नाही. पण संगीत नाटक रात्रभर कसं चालायचं ते मला या प्रतीनं शिकवलं. म्हणून सांगते, जुन्या नाटकाच्या पुस्तकावर लिखाण असेल तर ‘खराब प्रत’ म्हणून परत ठेवू नका. कोरी प्रत केव्हाही मिळेल.

याच कारणासाठी ‘नकला’ दिसल्या तर सोडू नका. नटाला त्याच्या भूमिकेपुरती हातानं उतरवून दिलेली वही ती नक्कल. जुन्या नटांच्या घरी ट्रंकांत असतात आणि घर रिकामं करताना सगळ्यांत आधी रद्दीत जातात. जाहिरातीची हस्तपत्रकं, पदांची छोटी पुस्तकं, नाट्यसंमेलनांच्या स्मरणिका यांचंही तेच.

दुसरं नाटक निवडाल तेव्हा ‘एकच प्याला’चा विचार करा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि नाटक त्यांच्यामागे रंगभूमीवर आलं. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. पुष्कळ गायकांनाही हे माहीत नसतं. गुर्जरांचं नाव नीट छापलेली प्रत मुद्दाम शोधा. साठोत्तरी काळात यायचं असेल तर ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) एकदमच घ्या. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. कानेटकर आणि दारव्हेकर या दोन नाटककारांनी पदासाठी जागा कशी केली ते शेजारी शेजारी वाचता येतं.

इतिहासाचे ग्रंथ या टप्प्यावर. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचं ‘मराठी रंगभूमि’ १९०३चं. ‘शारदा’ नुकतीच आलेली, ‘मानापमान’ अजून व्हायचं होतं, अशा वेळी लिहिलेलं. त्यामुळे पुढे काय घडलं याची सावली त्यावर नाही. श्री. ना. बनहट्टींच्या इतिहासाचा पहिला खंड १८४३ ते १८७९ एवढाच आहे, म्हणजे किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या उंबरठ्याशी थांबतो. पार्श्वभूमीसाठी उत्तम, पण संगीत नाटकासाठी म्हणून घ्याल तर हिरमोड होईल. संगीताच्या अंगानं इंग्रजीतलं अशोक दा. रानडे यांचं ‘स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र’ (१९८६) लहान पण नेमकं आहे.

बालगंधर्वांविषयी एक सोपी परीक्षा सांगते. पुस्तक हातात आलं की अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष ही नावं शोधा. तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, अशी साथ गंधर्व मंडळीत होती. लेखकानं या साथीविषयी पानभर तरी लिहिलं असेल तर त्यानं गाण्याचा विचार केलाय. नुसते शालू, अत्तरं आणि राजेमहाराजे असतील तर ते पुस्तक वाचनालयातून आणून वाचा, विकत घेऊ नका.

वाचनालयावरून आठवलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, तुम्हाला लोकलनं जवळ. सभासद व्हा. घेण्याआधी तिथे वाचून पाहिलं की हजार रुपये नेमके कामी येतात. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांच्या लिखाणावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर निर्धास्त उतरवून घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकंही संकेतस्थळावर फुकट आहेत. मग कपाटातली जागा अशाच पुस्तकांना द्या, जी पडद्यावर मिळत नाहीत किंवा ज्यांना हातात धरल्याशिवाय चैन पडत नाही. नव्या आवृत्त्यांसाठी पुण्याला अप्पा बळवंत चौकात एक दिवस काढा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. ब्रॉडवेच्या नाटकांची व्होकल स्कोअर आणि स्टीफन सॉन्डहाइम यांच्या गीतलेखनाचे दोन्ही खंड माझ्याकडे आहेत. तशी स्वरलेखनासकट पूर्ण संगीत नाटकं मराठीत का मिळत नाहीत?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : कारण आपल्याकडे बहुतेक वेळा चाल आधी, शब्द मागून. टेंब्यांनी बंदिशी ऐकवायच्या आणि खाडिलकरांनी त्यांत अक्षरं बसवायची, अशी ‘मानापमाना’ची घडण. गाणाऱ्याला मूळ बंदिश ठाऊक असे, नाहीतर तालमीत मास्तर ती गळ्यात उतरवत. शिवाय पद दर रात्री वेगळं फुलायचं, हेच प्रेक्षकाला हवं असे. त्यामुळे पदाच्या डोक्यावरची ‘चाल’ची ओळ हाच आपला स्कोअर. संगीताच्या साहित्याच्या दुकानांत नाट्यपदांच्या स्वरलिपीची पुस्तकं मिळतात, पण ती एखाद्या गायकाच्या एका गाण्यावरून उतरवलेली असतात, हे लक्षात ठेवून वापरा.

सॉन्डहाइम यांनी आपल्याच ओळींवर टिपा लिहिल्या, तसं खाडिलकर-देवलांनी केलं नाही, याची मला फार रुखरुख आहे. त्याच्या जवळ जाणारं म्हणाल तर टेंबे, आणि नंतरच्या काळासाठी केशवराव भोळे. भोळ्यांचं ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ मिळवा. चाल कशी सुचली, का बदलली, हे सांगणारा संगीतकार तुम्हाला तिथे भेटेल. ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक १९३३चं, ते करणाऱ्या नाट्यमन्वंतर या संस्थेच्या काळातलं भावगीताकडे झुकलेलं पद समजायलाही तेच पुस्तक हवं.

प्रश्न : वडिलांची जुनी नाटकं वारशानं आली आहेत. पावसाळ्यात दमट वास येतो, काही पुस्तकांना कसर लागली आहे. पानं दुमडली की तुटतात. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कसर लागलेली पुस्तकं आजच वेगळी करा. एकेक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, म्हणजे बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. नंतर मऊ ब्रशनं पानं झटका. उन्हात वाळवू नका, कागद आणखी कडक होतो.

पानं तुटतात ती कागदातल्या आम्लामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईत छापलेली नाटकं याबाबतीत सगळ्यांत वाईट. अशा पुस्तकांना सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरं खातो. पुन्हा बांधणी करायचा आग्रहही धरू नका. बाइंडर कडा कापतो आणि समासातलं लिखाण जातं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत पुस्तक ठेवून सुती नाडीनं बांधा, एवढं पुरे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवली तर चालेल, पण पानांत ठेवू नका, डाग पडतो. आणि पावसाळा लागायच्या आधी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सुरुवात वडिलांच्या हाताचं काही लिहिलेलं असेल त्या पुस्तकांपासून.