१००० व्होल्ट आयसोलेशन लिहिलंय म्हणून कायमचे १००० लावू नको

भाऊ, सीताबर्डीवरून आणलेलं ते १ वॅटचं डीसी-डीसी कन्व्हर्टर मॉड्यूल (एका डीसी व्होल्टेजवरून वेगळा डीसी सप्लाय बनवणारं) चांगलंच आहे, पण डेटाशीटवर १००० व्होल्ट डीसी आयसोलेशन (इनपुट अन् आउटपुट एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेले) दिसलं म्हणून तू ते सरळ मेनच्या बाजूला लावतोयस, तिथं थांब जरा. त्याच्या बाजूलाच १ सेकंद नाहीतर १ मिनिट लिहिलेलं असते ते वाच. ती फॅक्टरीतली टेस्ट आहे, दिवसरात्र सहन करायचं व्होल्टेज नाही.

अशा स्वस्त मॉड्यूलच्या आत बहुतेक एक बारकी टोरॉइड म्हणजे कड्यासारखी कोअर असते, प्रायमरी अन् सेकंडरी (इनपुटची अन् आउटपुटची वाइंडिंग) एकमेकीला चिकटून गुंडाळलेल्या, मधात फक्त तारेचं इनॅमल. याला फंक्शनल आयसोलेशन म्हणतात, म्हणजे सर्किट नीट चालण्यापुरतं, माणसाच्या सुरक्षेसाठी नाही. ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको तो करंट) तोडायला, आरएस-४८५ ची डेटा लाइन वेगळी करायला एकदम बरोबर, पण माणसाचा हात आणि २३० व्होल्ट यांच्या मधात हे एकटं ठेवायचं नाही म्हणजे नाही. २३० रेक्टिफाय केले की ३२५ डीसी होतात, वर स्विचिंगचे झटके, मग इन्सुलेशनमधल्या बारीक पोकळ्यांत पार्शल डिस्चार्ज म्हणजे बारक्या ठिणग्यांचा प्रकार सुरू झाला की तो इन्सुलेशन हळूहळू खातो, त्यात आपला मे महिना, गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात किती तापत असेल बघ.

डेटाशीटमध्ये कंटिन्युअस वर्किंग व्होल्टेज शोध, नसेल तर कंपनीला मेल टाक. मेनसाठी रीइन्फोर्स्ड इन्सुलेशनवालंच (माणसाच्या सुरक्षेसाठी जास्त मजबूत इन्सुलेशन) घे, आयईसी ६२३६८-१ या सेफ्टी स्टँडर्डच्या सर्टिफिकेटसकट. मॉड्यूलखालून पीसीबीचा तांब्याचा ट्रॅक नेऊ नको. अन् हायपॉट टेस्ट (तीच वरची जास्त व्होल्टेजची इन्सुलेशन टेस्ट) पुन्हा पुन्हा मारू नको, मारायचीच तर व्होल्टेज २० टक्के कमी करून मार.