बालरोग वॉर्डात लहान मुलांना सलाईन लावताना खेळाचा उपयोग नेमका कसा करायचा?

तुम्ही इंदूरमध्ये बालरोग वॉर्डात पोस्टिंगला आहात, तिथे खेळण्यांचं कपाटही आहे, तरी सुई दिसली की मूल हात झटकतं आणि तिघांना धरून ठेवावं लागतं, असं लिहिलंय. कपाटातल्या गाडीचा आणि सुईचा मुलाच्या लेखी काही संबंध नसतो. जे होणार आहे, त्याचाच खेळ मांडावा लागतो, आणि तोही आधी.

किती आधी? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा तास ते तासभर पुरे. आदल्या दिवशी सांगितलं तर रात्रभर धास्ती. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची अशी तयारी होत नाही. तिथे आईची मांडी आणि समोर काहीतरी हलतं-वाजतं, एवढंच. वेळ कुठून काढायचा, हेही विचारलंय. डॉक्टरांनी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं (कातडी बधिर करणारं) मलम लिहिलं असेल तर ते लावून सुमारे ६० मिनिटं झाकून ठेवावंच लागतं. त्यातली दहा मिनिटं बाहुलीला सलाईन लावण्याच्या खेळाची. मलमाऐवजी बाहुली मात्र नको. खेळाने भीती उतरते, टोचणं दुखतंच.

बाहुली कापूस गॉजमध्ये गुंडाळून वॉर्डातच होते. झाबुआच्या कापडी बाहुल्या सुंदर असतात, पण या टोचाटोचीला साधीच बरी. चेहरा मुलाला काढू द्या. सामान खरं घ्या: टूर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा), स्पिरिटचा बोळा, मायक्रोपोर (चिकटपट्टी), स्प्लिंट (हात सरळ ठेवायची फळी) आणि पिवळ्या २४ नंबरच्या कॅन्युलाची, म्हणजे शिरेत राहणाऱ्या नळीची, नुसती प्लॅस्टिकची नळी. तिची सुई मुलासमोर येण्याआधीच काढून शार्प्सच्या (सुया-पात्यांच्या) पांढऱ्या डब्यात टाका. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याच क्रमाने मूल करेल. वाक्यं छोटी ठेवा: ‘गार लागेल. मग टोचेल, थोडं दुखेल. सुई निघून जाईल, मऊ नळी राहील.’ धार-झाबुआ-खरगोनकडच्या काही मुलांना हिंदीही नीट कळत नाही; तिथे हेच आईकडून भिलीत किंवा निमाडीत सांगून घ्या.

‘दुखणार नाही’ म्हणू नका. नंतर ते मूल तुम्हाला ड्रेसिंगलाही जवळ येऊ देणार नाही. ‘लावू का?’ हा प्रश्नही फसवा. ते ‘नाही’ म्हणालं की तुम्ही अडकलात. पट्टी आधी बाहुलीला की तुला, असं विचारा. कुठला हात, हे दोन्हीकडे शीर चांगली असेल तरच.

शक्यतो प्रोसीजर रूममध्ये करा, म्हणजे मुलाचा पलंग त्याच्या दृष्टीने निर्धास्त राहतो. आईच्या मांडीवर छातीशी छाती लावून बसवा, सलाईन लावायचा हात आईच्या काखेखालून मागे घ्या. बोलणारं माणूस एकच. साबणाचे फुगे फुंकायला लावायचे तर लांब, सावकाश फुंकर आधीच शिकवा. सुई टोचताना शिकवून काही होत नाही. फुग्यांची बाटली आईकडे द्या. साबणाचे थेंब त्या हातावर पडले की मायक्रोपोर चिकटत नाही. फुंकायची काडी दुसऱ्या मुलाला द्यायची नाही.

नंतर मूल बाहुलीला दणादण टोचत बसलं तर थांबवू नका. भीती अशीच बाहेर पडते.

नेब्युलायझरलाही (वाफेतून औषध देण्याच्या यंत्रालाही) हीच रीत: मास्क आधी बाहुलीला. रडताना औषध फुप्फुसात नीट उतरत नाही, आणि मास्क चेहऱ्यापासून लांब धरला तर त्याहून कमी.

हातमोज्याचा फुगा करून देण्याची सवय मात्र सोडा. फुटलेल्या रबराचा तुकडा श्वासनलिकेत बसला तर निघता निघत नाही. आठ वर्षांच्या आत फुगा नकोच. बटन सेलची खेळणीही नकोत.

प्लॅस्टिकची खेळणी साबणाने धुऊन ०.१ टक्का हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) पाण्यात १० मिनिटं बुडवा (५ टक्क्यांचं २० मिली, पाणी ९८० मिली), मग साध्या पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा, कारण ती तोंडात जातात. कापडी बाहुली ज्याची त्यालाच. पाणी उडवणारी रबरी खेळणी ठेवू नका, त्यांच्या आतलं पाणी कधीच पूर्ण निघत नाही.