‘दहावा’ म्हणजे नुसता क्रम, की आणखी काही?

तुमच्या नाशिकच्या सहकाऱ्याने ‘उद्या दहाव्याला जायचंय’ म्हणून सुट्टी मागितली आणि तुम्ही ‘कितवा मजला?’ विचारलंत, म्हणून हा प्रश्न. हसू आलं, पण चूक तुमची नाही.

व्याकरण सोपं आहे. पहिला ते चौथा यांची रूपं वेगवेगळी. पाचपासून पुढे आकड्याला ‘वा’ लावायचा. दहावा मजला, दहावी रांग, दहावं घर.

गंमत नाम गळून पडतं तेव्हा होते. नुसता ‘दहावा’ म्हणजे मृत्यूनंतरचा दहाव्या दिवसाचा विधी. पिंडदान होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात. नाशिकमध्ये हे गोदाकाठी, पंचवटीत रामकुंडावर चालतं. त्यामुळे इथे कुणी ‘सकाळी रामकुंडावर दहावा आहे’ म्हटलं, तर पुढे काही विचारायचं नसतं. पत्रिकेत मात्र ‘दशक्रिया विधी’ छापतात.

नुसती ‘दहावी’ म्हणजे शाळेची इयत्ता, बोर्डाची परीक्षा. म्हणजे ‘दहाव्याला गेलो’ आणि ‘दहावीला गेलो’ यात फरक एका वेलांटीचा, पण एकात सांत्वन आणि दुसऱ्यात क्लासची फी! तिथीला मात्र ‘दहावी’ चालत नाही. तिथे संस्कृत ‘दशमी’च. आणि प्रवासाला बांधून नेतात ती दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, ती अर्थातच वेगळी.

जावयाला ‘दहावा ग्रह’ म्हणतात, तेही यातलंच. नवग्रह शांत करता येतात, हा नाही. (मी स्वतः जावई आहे, तेव्हा इथेच थांबतो.)