एका पैशाचा फरक आणि १९९४ चा पेंटियम

प्रश्न असा आहे: मामांच्या वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातला जुना पेंटियम ९० माळ्यावरून काढून चालू केलात. एक्सेलमध्ये दलालीची बेरीज कॅल्क्युलेटरपेक्षा एक पैसा जास्त येतेय. कुणी म्हणालं, हाच तो भागाकार चुकवणारा प्रोसेसर. तर तुमचा प्रोसेसर सदोष असूही शकेल, पण हा पैसा त्याच्या खात्यावर टाकू नका.

पैशाचं आधी बघू. ४१३ रुपये ३६ पैशांच्या बिलावर अडीच टक्के दलाली होते १०.३३४. पडद्यावर दिसतं १०.३३, पण आत पूर्ण आकडा तसाच असतो. अशी तीन बिलं झाली की एक्सेल ३१.००२ ची बेरीज करून ३१.०० दाखवतं, आणि तुम्ही दिसणारे आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवलेत की ३०.९९ येतात. यात बिघाड कसलाच नाही. प्रत्येक ओळीत एक्सेलचं राउंड सूत्र लावा, दोन दशांश, विषय संपला.

दुसरी गोष्ट लोक नेहमी यात मिसळतात. ०.१ ही संख्या बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, नेमकी बसतच नाही. तिचे अंक अनंतापर्यंत चालतात, म्हणून संगणक ते कुठेतरी छाटतो. त्यामुळे ०.१ दहा वेळा मिळवलं की उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. आजच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवरही हेच येतं. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या दशांश आकडेमोडीच्या मानकाने ही काटछाट सगळीकडे एकसारखी कशी करायची ते ठरवून दिलं, ती नाहीशी केली नाही.

आता खरा दोष. पेंटियम भागाकार करताना दर पायरीला उत्तराचा एक अंक धरतो, उणे दोन ते अधिक दोन यांपैकी. शाळेत मोठा भागाकार करताना आपण 'किती वेळा जाईल' असा अंदाज धरतो, तसंच. अंदाज थोडा चुकला तर पुढच्या पायरीत भरपाई होते, पद्धतच तशी आखलेली आहे. हा अंदाज चिपमध्ये कोरलेल्या एका तक्त्यातून येतो. त्या तक्त्यातल्या पाच कप्प्यांत २ असायला हवे होते, तिथे ० राहिलं. त्या कप्प्यावर गाडी आली की बाकी इतकी मोठी राहते की पुढे कितीही पायऱ्या केल्या तरी भरपाई होत नाही.

ती गाडी तिथे कधी येते, ही यातली सगळ्यात मजेदार बाब. भाजक ३, ९, १५, २१, २७ किंवा त्यांच्या दुपटी-चौपटी यांच्या किंचित खाली असला तरच. किंचित म्हणजे बायनरीत सुरुवातीच्या ठरावीक अंकांनंतर निदान सहा वेळा '१' हा अंक सलग यायला हवा. नुसत्या १५ ने भागा, काही होत नाही. हजाराच्या आतल्या कुठल्याही पूर्ण संख्येने भागा, काही होत नाही. पण १४.९९९९९९ ने ४.९९९९९९ ला भागा: यायला हवं ०.३३३३३३२९, सदोष चिप देते ०.३३३३२९२२. आणि असे १४.९९९९९९ छापाचे आकडे हिशेबात येतात कुठून? बऱ्याचदा वरच्या त्या बायनरी काटछाटीतूनच. म्हणजे निरुपद्रवी वाटणारी गोष्ट नेमकी या खड्ड्याच्या तोंडाशी नेऊन सोडते.

म्हणूनच पेंटियम बनवणाऱ्या इंटेलचा तेव्हाचा दावा मला पटत नाही. साध्या स्प्रेडशीटवाल्याला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल, असं ते म्हणाले. हिशेबातले आकडे वाटेल तसे विखुरलेले असतात असं धरलं तरच हे खरं. पेंटियम घातलेले संगणक विकणाऱ्या आयबीएमने वेगळी गृहीतकं धरली आणि २४ दिवसांत एकदा असं सांगून डिसेंबर १९९४ मध्ये ही मशिनं पाठवणंच थांबवलं. (आयबीएमची स्वतःची प्रतिस्पर्धी चिपही बाजारात होती, हेही लक्षात ठेवा.)

हा दोष बाहेर आणला व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजच्या थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी. जुळ्या मूळ संख्यांच्या (दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या) व्यस्तांची, म्हणजे १ भागिले ती संख्या यांची, बेरीज करताना ८२४६३३७०२४४१ पाशी उत्तर फसलं. त्यांनी कंपायलरपासून (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) मदरबोर्डपर्यंत सगळं तपासून मगच प्रोसेसरवर बोट ठेवलं. इंटेलला दोष आधीच सापडला होता, पण ते गप्प होते. २० डिसेंबर १९९४ ला विनाअट चिप बदलून द्यायचं जाहीर झालं आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९८७ मध्ये इंटेलच्याच आधीच्या काही ३८६ चिप ३२ बिटी गुणाकार चुकवत होत्या, त्यांच्यावर 'फक्त १६ बिट सॉफ्टवेअर' असा शिक्का मारून विकल्या गेल्या.

तुमच्या मशिनची परीक्षा अशी. रिकाम्या घरात लिहा: =४१९५८३५-(४१९५८३५/३१४५७२७)*३१४५७२७. शून्य आलं तर चिप चांगली. २५६ आलं तर तीच सदोष चिप. (३१४५७२७ म्हणजे ३ गुणिले १०४८५७६, वजा एक. पुन्हा तीनच्या किंचित खाली.) जुनं ३२ बिटी लिनक्स चढवलं असेल तर सीपीयू माहितीत 'एफडीआयव्ही बग' (भागाकाराचा हाच दोष) आहे की नाही ही ओळच असते, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा चालू होतानाच हा भागाकार करून बघतो.

एक मात्र जपा. हा दोष दर वेळी तेच चुकीचं उत्तर देतो. एकदा २५६, एकदा शून्य, मध्येच मशीन बंद, असं झालं तर प्रोसेसरला सोडा आणि रॅम काढा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत माळ्यावर राहिलेल्या रॅमच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या झालेल्या असतात. साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि परत बसवा. मदरबोर्डवरची बॅटरी पाझरलीय का तेही बघा, आणि फुगलेला कपॅसिटर दिसला तर पुन्हा वीज देऊ नका.

२५६ आलं तर फोटो टाका. मशीन मोडीत देऊ नका, पण दलालीचा हिशेब त्यावर करण्याचा हट्टही नको.