अमेरिकी लष्करात भरती होताना काम आपण निवडतो की ते देतात?

थोडं दोन्ही. आधी ॲसव्हॅब नावाची परीक्षा असते. तिच्यातल्या गणित आणि भाषेच्या चार भागांवरून एएफक्यूटी गुण निघतात, पण त्यावरून फक्त तुम्हाला घेता येईल का एवढंच कळतं. काम कोणतं मिळेल ते ठरतं वेगवेगळे विषय जोडून काढलेल्या गुणांवर. यंत्रांच्या भागात माती खाल्ली असेल तर एकूण गुण कितीही चांगले असोत, मेकॅनिकचं काम विसरा.

मग मेप्स या भरती केंद्रात वैद्यकीय तपासणी. इथे बऱ्याच जणांचा बेत फिसकटतो. रंग नीट ओळखता येत नसतील तर कितीतरी कामं तिथेच बाद. हे सगळं झालं की समुपदेशक संगणकावर त्या घडीला रिकाम्या असलेल्या जागा दाखवतो. हवी ती जागा यादीत नसेल तर सही न करता परत यायची मुभा असते. लोक भिडेखातर ‘बरं, हे चालेल’ म्हणतात आणि पुढची काही वर्षं कुढत बसतात.

आर्मीत, म्हणजे भूदलात, काम करारातच लिहून मिळतं. तरी बारकाईने वाचा: ‘११ एक्स’ हा कामाचा कोड म्हणजे नुसतं पायदळ, त्यात रायफलवाले की मॉर्टरवाले (उखळी तोफा चालवणारे) हे नंतर ते ठरवतात. मरीन या वेगळ्या दलात सहसा कामांचा एक गट मिळतो, नेमकं काम पुढे ठरतं. रिक्रूटरने तोंडी दिलेला शब्द मात्र करारात नसेल तर धरूच नका.