वाळ्यातून कमाई करायचीय? आधी एवढं बघा

तेलाचं यंत्र आत्ताच घेऊ नका. नवीन माणूस पहिली उडी तिथेच मारतो. वाळलेल्या मुळांतून तेल जेमतेम 1-2 टक्के, कधी त्याहूनही कमी निघतं, आणि एक घाणा उतरायला 16-24 तास लागतात. पहिली दोन वर्षं मुळं आणि पाती यांवरच हात बसवा.

- बांधावरचा वाळा उपटू नका, बांध ढासळेल. मुळांसाठी वेगळा वाफा करा, माती रेताड आणि भुसभुशीत. चिकण मातीत अर्धी मुळं तुटून आतच राहतात. मी पहिल्या वर्षी कुदळीने हेच करून बसलो!
- घाई नको. साधारण 15-18 महिन्यांनी खणा. कोवळं मूळ पांढुरकं, वासाला फिकं. मोडून हुंगा, कळेल.
- धुऊन सावलीत वाळवा. कडक उन्हात सुगंध उडतो. ओलं बांधलंत तर बुरशी.

माठात टाकायच्या जुड्या, पडदे, चटया यांना मुळं लांब आणि अखंड लागतात. पाती छपराला, टोपल्यांना, आच्छादनाला चालतात. कोवळी असतील तर गुरंही खातात.

रोपं ठोंबापासूनचीच घ्या, बी धरणारा वाण रानभर पसरतो. अत्तराचं नंतर बोलू.