मगर म्हातारी होत नाही, उपासमारीनेच मरते, हे खरं आहे का?

होते की म्हातारी, पण सावकाश. तुम्ही बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. काळा घोड्याजवळच्या पुलावरून खाली बोट दाखवत ‘ही सयाजीरावांच्या काळातली’ असं ठोकून देणारे काका बडोद्यात पैशाला पासरी आहेत.

वार्धक्य म्हणजे दरवर्षी मरण्याची शक्यता वाढत जाणं. माणसात ती तिशीनंतर साधारण दर ८ वर्षांनी दुप्पट होते. २०२२ साली प्राणिसंग्रहालयांतल्या कासवांच्या ५२ जाती तपासल्या, तेव्हा जवळपास ७५ टक्के जातींत ही वाढ अगदी मंद किंवा नगण्य निघाली. मगरींचंही साधारण तसंच. पण शक्यता वाढत नाही म्हणजे मरण टळलं असं नव्हे. समजा ती कायम वर्षाला ५ टक्केच राहिली, तरी १०० मगरींतल्या ५० वर्षांनी सात-आठच उरतील. शिवाय वय झालं की पडलेल्या दाताच्या जागी नवा येण्याचा वेगही मंदावतो. उपासमारीचं म्हणाल तर मोठी मगर महिनोन्महिने न खाता काढते. सर्वांत जास्त मरतात ती पिल्लं. घोरपडी, बगळे, मोठे मासे त्यांना गट्ट करतात.

आता लांबी. ‘बारा फुटी म्हणजे शंभरीची’ हा शुद्ध बाष्कळपणा. नर मादीपेक्षा मोठा होतो, वाढ खाण्यावर आणि उन्हावर ठरते. मरेपर्यंत वाढत राहते हेही खरं नाही: अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरांच्या (मगरीच्या भाऊबंदांच्या) हाडांत वाढ थांबल्याच्या खुणा २०११ साली दाखवल्या गेल्या.

वय काढायचं तर मेल्यावर. मांडीच्या हाडाचा आडवा काप घ्यायचा, उजेड आरपार जाईल इतका घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं मोजायची. वाढ मंदावणाऱ्या ऋतूगणिक एक. गोची अशी की आतली पोकळी रुंदावताना लहानपणीची वर्तुळं पुसली जातात आणि कडेची एकमेकांना चिकटतात, त्यामुळे वय कमीच भरतं. हा मुद्दा काकांच्या बाजूने जातो, कबूल. पण त्यावरून शंभर सिद्ध होत नाहीत.

जिवंतपणी खात्रीचा उपाय म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या शेपटीवरचे ठरावीक उभे खवले छाटून नंबर देणं आणि तारीख लिहून ठेवणं. बेलग्रेडच्या प्राणिसंग्रहालयात मुया नावाचा अ‍ॅलिगेटर १९३७ साली आल्याची नोंद आहे. पुलाखालच्या मगरीची तसली एक नोंद आणा, मग बोलू.